सात महिन्यांची धाकटी

पिंपळदऱ्यात जन्माला यायचं तर एक जूनलाच यायचं, असा जुन्या काळी नियम होता. त्या दिवशी चौकात अजूनही एकच फ्लेक्स लागतो. वाढदिवस असणाऱ्यांचे फोटो वर, शुभेच्छुकांचे खाली, आणि दोन्हीकडे माणसं तीच. या नियमाला गावात एकच अपवाद होता, तो लंकाबाईचा. ती एक जानेवारीची. सासर दोन कोसांवर असूनही माहेरच्या गावात तिची ओळख 'नव्या सालाची लंका' अशीच राहिली, आणि तिलाही त्याचा थोडा तोरा होता.

तो तोरा गेल्या महिन्यात मुंबईला, अमेरिकेच्या वकिलातीच्या काचेपुढे उतरला.

एकोणीस वर्षांपूर्वी भावानं तिच्यासाठी तिकडे अर्ज टाकला होता. भावानं बहिणीला बोलवायचं तर रांग मोठी, हे वाल्मिकनं तेव्हाच सांगितलं होतं, पण रांग म्हणजे रेशनच्या दुकानापुढची, अशीच सगळ्यांची समजूत. अर्ज टाकला तेव्हा लंकाबाईची पंकजा सहावीत होती. आईबापाबरोबर तिचंही नाव लागलं होतं, आणि शाळेत पोरी तिला 'अमेरिका' म्हणून हाक मारायच्या. नंबर येईतो अमेरिका एकविसाच्या पुढे गेली, यादीतून गळाली, वकील झाली, नगरच्या कोर्टात उभी राहू लागली. नाव मात्र राहिलं. अजून माहेरवाशिणी विचारतात, "अमेरिका, पोरं काय म्हणत्यात?"

तर काचेपलीकडच्या साहेबानं दोघा बहीणभावांचे शाळेचे दाखले शेजारी शेजारी ठेवले. वाल्मिक, एक जून सदुसष्ट. लंका, एक जानेवारी अडुसष्ट. त्यानं बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं, आणि दुभाष्यामार्फत विचारलं, "या दोघांची आई एकच होती का?"

लंकाबाई म्हणाली, "व्हय."

"मग दोघांत अंतर सात महिन्यांचं कसं?"

 उत्तर लंकाबाईला ठाऊक होतं, पण ते इतक्या खोल ठेवलेलं होतं की काढायला वेळ लागला असता. तेवढ्यात शेजारी उभे असलेले तिचे यजमान आसाराम, नवा कोट घालून, सासुरवाडीच्या अब्रूसाठी पुढे सरसावले.

"सातमाशी आसंल, साहेब," ते म्हणाले.

साहेबानं एक कागद दिला. बहीणभाऊ असल्याचा आणखी पुरावा आणा, वर्षभरात आणा.

आज भाऊबीज होती, आणि त्या कागदापायी सगळे वाल्मिकच्या घरी जमले होते.

घर स्लॅबचं, वाल्मिकच्याच पैशातून झालेलं, आणि वर्षातले अकरा महिने कुलपात. दिवाळीला तो ओहायोहून यायचा, तेव्हा लंकाबाई आठवडाभर आधी येऊन फरशी धुवायची. दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्याची बायको सुधाही यायची. ती गेली. मुलगा तिकडेच, पण दुसऱ्या टोकाला, विमानानं जावं लागेल इतका लांब. मागच्या हिवाळ्यात वाल्मिक दारातल्या बर्फावर घसरून पडला आणि शेजारी कुत्रं फिरवायला बाहेर येईपर्यंत तसाच पडून राहिला. हे त्यानं फोनवर हसत हसत सांगितलं होतं. लंकाबाई हसली नव्हती. त्या दिवसापासून तिला अमेरिकेला जायचं होतं. त्याच्या आधीची सतरा-अठरा वर्षं अमेरिकेला जायचं होतं ते आसारामला. ते 'व्हायो'चं हवामान टीव्हीवर बघायचे आणि पारावर सांगायचे.

"बस, लंका," वाल्मिक म्हणाला. "स्वयंपाक नंतर."

"बसते रे दादा. करंज्या तेवढ्या काढते."

ती कढईपाशीच राहिली. मधलं दार उघडं होतं, बैठकीतलं सगळं दिसत होतं. भिंतीला टेकून वाल्मिक, गुडघा लांब करून. त्याचा तो गुडघा पडल्यापासून मुडपत नव्हता. समोर पंकजा, मांडीवर लॅपटॉप. खुर्चीत आसाराम. आणि दिवाणावर काकासाहेब, चुलतभाऊ, माजी सरपंच. मागच्या दिवाळीत विहिरीच्या पाळीवरून काकासाहेब आणि वाल्मिक एकमेकांचं तोंड बघत नव्हते. यंदा काकासाहेबांनी स्टेशनला गाडी पाठवली होती. बहीण-मेहुणे तिकडे गेले की या घराला आणि रानाला सांभाळणारं कुणी लागणार, आणि ते घरचंच असलेलं बरं, एवढा सरळ विचार त्यात होता. माणूस मनानं वाईट नव्हता. फक्त त्याचं मन नेहमी सातबाऱ्याच्या आसपास असायचं.

"माझं काम मी केलंय," काकासाहेब म्हणाले आणि खिशातून घडी काढली. "ग्रामपंचायतीचा दाखला. दोघांची जन्माची नोंद दप्तरात आढळत नाही. सही, शिक्का, सगळं."

पंकजानं वाचला. "मामा, यातला निम्माच उपयोगाचा आहे."

"निम्मा कसा?"

"जिथं जन्म झाला तिथला दाखला लागतो. वाल्मिकमामांचा जन्म इथं झालाच नाही. आजी-आजोबा तेव्हा ऊसतोडीला कोपरगावला होते. नोंद नसल्याचा त्यांचा दाखला तिकडून आणायचा."

"नसलेली गोष्ट कुठूनबी आणली तर काय फरक पडतो?"

"त्यांना पडतो."

"डीएनए करू," वाल्मिक म्हणाला. "एक घाव दोन तुकडे. गालाच्या आतून कापसानं पुसून घेतात, संपलं."

आसाराम खुर्चीत सावरून बसले. "पाव्हणं, तुमचा मान ठेवून बोलतो. सासूबाईंना जाऊन वीस वर्षं झाली. त्या माउलीनं डोक्यावरचा पदर कधी पडू दिला न्हाई. आन आता तिची अब्रू कापसानं पुसून बघायची?"

"अब्रूचा काय संबंध, आसाराम?"

"संबंध हाय. पोरांची आई कोन, हे परदेशातल्या सायबाला इचारायचं म्हंजे संबंध हाय."

काकासाहेबांनी मान डोलावली. वाल्मिकनं पंकजाकडे पाहिलं. पंकजा म्हणाली, "तशीही आई-वडील हयात नाहीत. भावाबहिणीची चाचणी आपण आपल्या मनानं करून चालत नाही, त्यांनी सांगितलं तर त्यांनी नेमलेल्या ठिकाणीच. आणि ती जुळली तरी तारखांचा प्रश्न राहतोच. ते विचारणार, सात महिने कसे? त्याचं उत्तर हवं."

"उत्तर दिलंय की मी," आसाराम म्हणाले. "सातमाशी."

"आप्पा, सातमाशी मूल झालं तरी पोटात सात महिने लागतात ना?"

"लागनारच."

"म्हणजे वाल्मिकमामा ज्या दिवशी जन्मले त्याच दिवशी आजीला पुन्हा दिवस राहिले, असं होतं."

 काकासाहेब छताच्या पंख्याकडे बघू लागले. आसारामनं थोडा हिशेब केला आणि म्हणाले, "देवाच्या मनात आलं तर काय बी हुतं."

कढईपाशी लंकाबाईला हसू आलं आणि रागही आला. सहा जावांत उसाची मोळी एकटीनं डोक्यावर घेऊन टायरगाडीत चढणारी ती. पंचक्रोशीत तिला कुणी साधं 'बारीक'ही म्हटलं नव्हतं, आणि नवऱ्यानं परमुलखातल्या साहेबापुढे तिला सातमाशी करून ठेवलं. जे पोर सातव्या महिन्यात येतं ते उतावळं, हे गावात शेंबड्यालाही ठाऊक. आणि ती तर इतकी वर्षं एक गोष्ट पोटात धरून होती.

करंजी तळणीत फुगली. तिनं ती उलटवली आणि तिच्या नाकात एकाएकी दुसराच वास आला. उकळत्या रसाचा, मळीचा, ओल्या पाचटाचा.

कोपरगावचा कारखाना. गोदावरीच्या अंगाला ओळीनं टाकलेल्या कोप्या, उसाच्या पाचटाच्या, आत वाकूनच जावं लागे. पहाटे भोंगा व्हायच्या आधी आई-आबा फडात जायचे. जाताना आई भाकरी फडक्यात बांधून ठेवायची आणि एक गाठोडं लंकाच्या कडेवर द्यायची. त्या गाठोड्याचं नाव वाल्मिक. दिवसभर ते गाठोडं घेऊन ती कोप्यांच्या ओळीतून हिंडायची. तिची कंबर त्या वयात बोराच्या काटकीसारखी, आणि त्यावर हे घोंगडीसारखं जड पोर. खाली ठेवलं की रडायचं. गाड्यांच्या रांगेत बैलांच्या गळ्यातल्या घाटी वाजल्या की गप्प व्हायचं. म्हणून ती रांगेच्या कडेला उभी राहायची, या पायावरून त्या पायावर. गाडीवान विचारायचे, "कुनाचं गं पोरगं?" ती सांगायची, "माझं."

मग पुंडे गुरुजी आले. ते असे आले, की त्र्याहत्तरच्या जूनमध्ये, दुष्काळ अजून सरला नव्हता तेव्हा, वाल्मिकला गावच्या शाळेत घालायला आईनं नेलं, आणि तो लंकाच्या परकराला धरून बसला. ती नसेल तर मी नाही, एवढंच त्याचं म्हणणं. गुरुजींनी दोघांना हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावायला सांगितलं. दोघांचे लागले. लंकाचा तर कान धरून वर उरला. गुरुजी अडचणीत सापडले. दर वर्षी ते तालुक्याला कळवत आले होते, की गावात शाळेत न येणाऱ्या मुली: निरंक. आता पावणेआठ वर्षांची मुलगी पटावर घ्यायची तर साहेब विचारणार, इतके दिवस ही कुठे होती? गुरुजींनी पेन झटकलं. मुलगा सहा वर्षांचा केला. मुलगी त्याच्याहून धाकटी केली, म्हणजे मागचं सगळं निरंकच राहिलं. एकच तारीख लिहिली असती तर जुळी झाली असती, आणि गुरुजी सच्चे गृहस्थ होते, जुळी नसताना जुळी लिहिणं त्यांना पटेना. म्हणून एक जानेवारी. ते पिंपळदऱ्यात गणित शिकवत.

घरी येताना आई म्हणाली होती, "लंके, आता मास्तरनं लिवलं. सरकारी कागद हाय. आजपासून त्याला दादा म्हनायचं."

"पर आई, मी तर..."

"म्हनायचं."

तिनं म्हटलं. पहिल्या दिवशी जीभ अडखळली, दुसऱ्या दिवशी कमी. पुढे लग्नाच्या वेळी आसारामच्या माणसांनी नवरी नवऱ्याहून धाकटीच हवी म्हणून दाखला मागितला, तेव्हा आईनं तो मोठ्या दिमाखात दाखवला, आणि रात्री लंकाला जवळ घेऊन म्हणाली, "आता तर मरेस्तोवर."

बाहेर पायांचा आवाज झाला. काकासाहेब उठून दारापर्यंत गेले आणि गोजरबाईला हाताला धरून आत घेऊन आले. गोजरमावशीचं वय कुणालाच माहीत नव्हतं, कारण तिला शाळेतच घातलं नव्हतं. कोपरगावला हिची कोपी लंकाच्या आईच्या कोपीला लागून असायची. तोडणीवरच्या बायकांची बाळंतपणं हिच्या हातची.

"ही आपली साक्षीदार," काकासाहेब म्हणाले. "मी सगळं समजावून सांगितलंय. एक आंगठा दिला की झालं."

गोजरबाई फतकल मारून बसली आणि वाल्मिककडे बघत राहिली. "वाळलास रं," ती म्हणाली. "खायाला घालतंय का न्हाई तिकडं कुनी?"

"मीच करतो, मावशी."

"आसं म्हन की न्हाई घालत."

पंकजानं लॅपटॉप वळवला. "आजी, मी विचारते तेवढं सांगायचं. मी लिहून घेईन, मग वाचून दाखवीन, आणि नोटरीपुढं तुमचा अंगठा. तुम्ही स्वतः पाहिलेलंच सांगायचं. ऐकीव नाही."

"बरं."

"लंकाबाईच्या जन्माच्या वेळी तुम्ही हजर होता?"

"व्हते की. माझ्याच हातात आली." गोजरबाईनं काकासाहेबांकडे पाहिलं. काकासाहेबांनी डोळ्यांनी खूण केली. गोजरबाई पाठ केलेलं म्हणू लागली, "सातव्या म्हयन्यात झाली. सातमाशी व्हती. कापसात गुंडाळून ठेवली व्हती."

"वा," आसाराम म्हणाले.

पंकजानं टाइप केलं नाही. तिची बोटं तशीच राहिली. "आजी, एक सांगते. हे खोटं निघालं तर नुसता हा अर्ज जात नाही. आई आणि आप्पांच्या नावावर कायमचा शिक्का बसतो, की यांनी खोटं सांगितलं. मग आणखी वीस वर्षं थांबूनही दार उघडत नाही."

"खोटं कशाला निघंल?" काकासाहेब म्हणाले. "तिकडून कोन इचारायला येतंय पिंपळदऱ्यात?"

"येतात. नाही आले तरी मोजता त्यांनाही येतं."

"पोरी, तू वकील हायेस का सायबाचं मानूस?"

"मामा, मी आईची वकील आहे."

 वाल्मिक म्हणाला, "जाऊ दे, पंकजा. नाही झालं तर नाही. मी दर वर्षी येतोच." हे तो हळू म्हणाला, पण कढईपाशी उभ्या असलेल्या लंकाबाईला ते ऐकू आलं. नसतं आलं तर बरं झालं असतं.

तिनं गॅस बंद केला, हात पदराला पुसले आणि मधल्या दारात येऊन उभी राहिली. आधी नवऱ्याकडे पाहिलं. बिचारा अजूनही 'वा'च्या आनंदात होता.

"पंकजा," ती म्हणाली, "लिहून घे. मी थोरली हाय."

"कुणाहून?"

"दादाहून. सव्वादोन वर्सांनी. पाकिस्तानच्या लढाईच्या टायमाला मी झाले, इथंच गावात. हा कोपरगावला झाला. मास्तरनं उलटं लिवलं."

 काकासाहेबांच्या डोळ्यांपुढून घर आणि रान हळूहळू लांब जाताना दिसत होतं. वाल्मिकनं चष्मा काढला. बोलली ती गोजरबाई. तिच्या चेहऱ्यावर मोठी सुटका होती. पाठांतर तिला कधीच जमलं नव्हतं.

"मग काय तर. ही पासष्टची. पोळा झाल्यावरची. अन ह्यो भूकंपाचा."

"कसला भूकंप, आजी?"

"कोयनेचा गं. भल्या पाटं जिमीन हालली. कोप्या हालल्या, बैलं दावी तोडाया लागली. समदी बाहेर पळाली आन ह्याच्या आयला कळा सुरू. मी म्हनले, आगं, थांब की जरा. ती कशाची थांबती. उजाडायला ह्यो आला. आबा तुजा म्हनत हुता, ह्याचं नाव भूकंपच ठिवू."

पंकजाची बोटं आता चालू झाली होती. "डिसेंबर सदुसष्ट," ती पुटपुटली. "भूकंपाची तारीख सगळ्यांना माहीत आहे. हे चालेल. हे फार चालेल."

"अन लंकी तवा दुडूदुडू पळायची," गोजरबाई पुढे म्हणाली. "आईला म्हनली, ह्याला मला दे. तवापासनं ते पोर खाली म्हनून ठिवलं न्हाई तिनं."

"मावशी," काकासाहेबांचा आवाज दुखावलेला होता, "हे सकाळी का न्हाई सांगितलंस?"

"तू इचारलंस कुठं? तू सांगितलंस."

"गावात आणखी कुनाला म्हाईत हाय हे?"

"बायांना समद्यांना म्हाईत हाय. गड्यांनी कधी इचारलं न्हाई."

आसाराम इतका वेळ वजाबाकी करत होते. त्यांचा स्वतःचा दाखला एक जून सहासष्टचा. त्यांनी ती दोनदा केली. मुंबईच्या साहेबानंही दोनदाच केली होती.

"म्हंजे," ते म्हणाले, "तू माझ्याहून..."

"नऊ म्हयने," लंकाबाई म्हणाली.

"चाळीस वर्सं झाली लग्नाला."

"व्हय."

"आन ह्या चाळीस वर्सांत तुला एकदाबी बोलावंसं वाटलं न्हाई?"

"तुमी मला सातमाशी म्हनला नसता तर आजबी वाटलं नसतं."

आसाराम उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. बाहेर रस्त्यावरून ट्रॅक्टर चालला होता, मागे दोन ट्रॉल्या, त्यावर पेट्या, पत्र्याचे डबे, शेळ्या आणि माणसं. गावातले तोडणीवाले दिवाळी उरकून कारखान्याला निघाले होते. एक पोरगी ट्रॉलीच्या फळीला टेकून कडेवरच्या पोराला तीळ घातलेली भाकरी भरवत होती. आसाराम ते बघत राहिले. परत वळले तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता, पण माणूस बदलला नव्हता.

"पंकजा. माझंबी एक प्रतिज्ञापत्र कर. माझा जन्म चौसष्टचा."

"साक्षीदार कोण, आप्पा?"

"मी. मी हजर हुतो."

हसण्यात पहिली फुटली गोजरबाई, मग पंकजा, मग काकासाहेबसुद्धा. काकासाहेब तर डोळे पुसत म्हणाले, की कोपरगावच्या दाखल्यासाठी उद्या तेच जातील, त्यांच्या साडूचा मुलगा तिकडे नगरपालिकेत आहे. मग ते वाल्मिकच्या शेजारी जाऊन बसले आणि विचारू लागले, की लंका तिकडे गेल्यावर या घराच्या चाव्या कुणाकडे राहणार आहेत.

पंकजा लिहीत होती. पुन्हा पुन्हा विचारत होती, गोजरबाईचं स्वतःचं नातं काय, त्या साली ती कुठे राहत होती, तिला हे कसं ठाऊक. आप्पांचं काचेपुढचं वाक्य अंदाजाचं होतं, हेही वेगळं लिहायचं, म्हणाली. आणखी एक म्हातारं माणूस हवं, कोपरगावच्या फडातलं, नात्यातलं असलं तरी चालेल. पासपोर्टवरच्या तारखेचं काय करायचं ते मामांच्या तिकडच्या वकिलाला विचारून मगच, तोवर कुणी काही बदलायला जाऊ नये. आणि हे सगळं एकाच वेळी पाठवायचं, तुकड्यातुकड्यानं नाही. "पटेल का त्यांना?" आसारामनं विचारलं. "सांगता येत नाही," ती म्हणाली. "पण आता हे वाचून कुणाला हसू येणार नाही."

वाल्मिक मात्र यातल्या कशातच नव्हता. लंकाबाईला ते दिसत होतं. तो तिच्या कमरेकडे बघत होता, आणि बघतोय हे त्याच्या लक्षात नव्हतं.

"मला एक आठवतं," तो म्हणाला. "नीट नाही आठवत. मी कुणाच्या तरी कडेवर आहे आणि ते हाड मला इथं टोचतंय." त्यानं मांडीला हात लावला. "बैलांच्या गळ्यातल्या घाटी वाजतायत. गोड वास येतोय, आंबूस. मी ते सुधालाही सांगायचो. म्हणायचो, माझी आई फार हाडकुळी होती."

"आई फडात असायची," लंकाबाई म्हणाली. "दिस बुडल्यावर यायची."

"मला वाटायचं ती आई आहे."

"वाटू दे की. काय बिघडलं."

ओवाळायचं राहिलंच होतं. दुपार कलली तसं गोजरबाईनं आठवण केली, तेव्हा पंकजानं पाट मांडला, भोवती रांगोळीची रेघ ओढली. वाल्मिकला गुडघा मुडपता येईना म्हणून तो पाटावर एक पाय लांब करून बसला. लंकाबाईनं कुंकू लावलं, अक्षता लावल्या, निरांजन फिरवलं. ताटात त्यानं दर वर्षीसारखी साडीची घडी ठेवली. आणि दर वर्षीसारखीच, जिभेला सवय असते तशी कमरेलाही असते, लंकाबाई ताट बाजूला ठेवून त्याच्या पायाशी वाकली.

त्यानं तिचे खांदे धरले.

"थांब," तो म्हणाला. मग त्यानं पाटाचा आधार घेतला, भिंतीचा घेतला, काकासाहेबांनी पुढे केलेला हात घेतला नाही. एक गुडघा टेकला. दुसरा टेकेना. तसाच, अर्धा खाली, अर्धा वर, साडेसत्तावन्न वर्षांच्या दाखल्याचा तो माणूस पुढे झुकला आणि त्यानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आक्का," तो म्हणाला.

हा शब्द त्याच्या तोंडून कधी ऐकल्याचं तिला आठवत नव्हतं. पण त्र्याहत्तरच्या जूनच्या आधी तो हेच म्हणत असणार, हे तिला त्याच क्षणी कळलं, कारण तिला तो नवा वाटला नाही. त्याच्या विरळ केसांवर तिनं हात ठेवला. डोकं गरम होतं, लहानपणी असायचं तसंच. उठायला त्याला जमत नव्हतं आणि तो कुणाला तसं म्हणतही नव्हता.

लंकाबाईनं पदर खोचला, खाली वाकून त्याच्या दोन्ही काखांत हात घातले.

"ऊठ, वाल्या," ती म्हणाली. "आता कडेवर घ्यायची न्हाई मी."

आणि उचलला.